खूण नसलेली उशी

आमच्याकडे उशीचं तोंड शिवायच्या आधी तिच्यावर डोकं ठेवून बघायची पद्धत होती. ही पद्धत हिने पाडली. ही म्हणजे माझी बायको.

कापूस भरून झाला की उशी खिडकीजवळच्या बाकावर यायची. ही बाकावर आडवी व्हायची, उजवा गाल उशीवर टेकायची आणि मोठ्याने तीन श्वास मोजायची. एक. दोन. तीन. मग उठून बसायची आणि गालाचा खड्डा भरून येतो का ते बघायची. आला तर म्हणायची, "झाली." नाही आला तर उघड्या तोंडातून मूठभर कापूस काढायचा नाहीतर घालायचा आणि परत डोकं ठेवायचं. झाली म्हटल्यावर ती उशीच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ मारायची. ती आमची खूण. त्यानंतरच मी किंवा टाकेवाल्या मावशी उशीचं तोंड शिवायचो.

ही पद्धत चालली त्या अठरा वर्षांत खूण नसलेली उशी आमच्या दारातून बाहेर गेली नाही. एकच गेली. तिच्याबद्दल सांगतो.

त्याआधी धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी गाद्यांच्या कारखान्यात मशीनवर होतो. कारखाना बंद पडला. मालक जाताना म्हणाला, ते जुनं शिलाई मशीन हवं तर ने, नाहीतर भंगारात जाणार. मी उचलून आणलं. घरी बसून त्याच्याकडे बघत राहायचो. ही म्हणाली, "गाद्या मोठे लोक करू देत. आपण उशा करू. एका खोलीत मावतील आणि मला उचलता येतील."

पहिल्या वर्षी मी सहा-सहा उशा पाठीला बांधून दारोदार फिरलो. लोक दारातूनच हसायचे. एकाने विचारलं, "काय हो, झोप विकता आणि तुमचे डोळे असे का?" पहिल्या सहा उशांपैकी चार परत आल्या. कोणाला टोचली, कोणाची आठवड्यात बसली. मी हात टेकले. म्हणालो, आपल्याला नाही जमायचं, नोकरी बघतो. हिने त्या चारही उशा बाकावर ठेवल्या आणि एकेकीवर झोपून बघितलं. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, "मी झोपून बघितलं नाही तर लोकांना झोपा म्हणून कसं सांगू?"

तेव्हापासून माल परत यायचा थांबला. मग दुसरं मशीन आलं, कापूस पिंजायचं यंत्र आलं, टाकेवाल्या मावशी आल्या. मावशी मला 'मालक' म्हणायच्या. दोन मशीनचा मालक. म्हणताना हसू दाबायच्या.

मोठं काही झालं नाही आमचं. पण एकदा एक निवृत्त मास्तर गावाच्या दुसऱ्या टोकाकडून चालत आले. दारात उभे राहून म्हणाले, "काल माझी मान दुखली नाही." बस, एवढंच सांगायला आले होते. घेतलं काही नाही, पाणी पिऊन गेले. ही महिनाभर ते सांगत होती. ज्याला त्याला म्हणायची, "आमच्यासारखा धंदा नाही. गिऱ्हाईक माल डोळे मिटून वापरतं."

ही गेली, त्यानंतर तीन महिने मी दुकान उघडं ठेवलं, पण धंदा केला असं म्हणता येणार नाही. कापूस भरायचो, शिवायचो, पाठवायचो. मधली पायरी गाळायचो. त्या बाकावर आडवं व्हायला माझं अंग तयार होत नव्हतं. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मालक, ती जागा बाईंची. मी नाही टेकायची तिथं डोकं." उशा परत यायला लागल्या. दोन दुकानदारांनी घेणं बंद केलं.

मुलगी दुसऱ्या गावात असते. रविवारी फोन करायची. "बाबा, बंद करा आता. माझ्याकडे या. आई असताना गोष्ट वेगळी होती."

"बघतो," म्हणायचो मी.

"तुमचं बघतो मला माहीत आहे. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर."

मी हो म्हणालो. महिनाअखेरीला खोली रिकामी करून चावी द्यायची असं ठरलं. मावशींनाही सांगितलं.  संध्याकाळी जाताना त्यांनी स्वतःची कात्री बरोबर नेली. एरवी ती मशीनच्या खणातच राहायची.

आणि दुसऱ्या दिवशी लॉजवाल्या बाईंचा फोन आला.

स्टेशनजवळच्या लॉजला आम्ही तीस उशा दिल्या होत्या. ही गेली त्याच दिवशी त्या गेल्या.

"उशीवाले, सात नंबरच्या खोलीत तुम्ही काय पाठवलंय?"

मला वाटलं, तक्रार असणार. म्हणालो, "बाई, बदलून देतो. आजच येतो."

"बदलायला हात तर लावून बघा! अहो, लोक ती खोली मागून घेतात. एक माणूस आला, दुपारी जरा पडतो म्हणाला, दुसऱ्या दिवशी दार बडवून उठवला. त्याची गाडी चुकली. मला वाटलं भांडणार. तर म्हणतो, अजून एक दिवस द्या. मी आधी म्हटलं खोलीचा गुण असेल. म्हणून उशी बाराला हलवली. तर झोप बाराला गेली! परत सातला आणली. तसल्या चाळीस द्या मला. माझ्या बहिणीचं लॉज आहे, तिलाही चाळीस. आणि दर सहा महिन्यांनी नवीन. जमेल?"

ऐंशी उशा, वर्षातून दोनदा. आमच्याकडे एवढं काम एका जागेहून कधी आलं नव्हतं.  मावशींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कात्री परत खणात आली.

मी तेच कापड आणलं, तोच कापूस तसाच दोनदा पिंजला, वजन काट्यावर करून पाच उशा केल्या आणि पाठवल्या. दोन दिवसांत पाचही परत. बाई फोनवर म्हणाल्या, "या नुसत्या उशा आहेत."

म्हणून एक दिवस सकाळी मी ती उशी बघायला लॉजवर गेलो.

तीन मजली अरुंद इमारत, जिन्यात फिनेलचा वास. बाई खाली टेबलाशी बसून चाव्या पुसत होत्या. समोर एक माणूस बॅग पायाशी ठेवून बिल करत होता. कुलपं विकत गावोगाव फिरणारा. डोक्याच्या एका बाजूचे केस चपटे झालेले आणि चेहरा लहान मुलासारखा सुजलेला.

"हे बघा, सात नंबर," बाई त्याला म्हणाल्या. "आणि हे ती उशी करणारे."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुम्ही? बावीस वर्षं फिरतोय मी. लॉजमधे माझा डोळ्याला डोळा लागत नाही. इथे तिसऱ्यांदा आलोय. काय घालता हो आत?"

"कापूस," मी म्हणालो.

"नाही सांगायचं तर नका सांगू." तो हसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पण ते स्वप्न सगळ्यांना पडतं का? की मलाच?"

"कसलं स्वप्न?"

"स्वप्न म्हणजे दिसत काही नाही. नुसतं ऐकू येतं. जवळच कुठेतरी शिलाई मशीन चालू असतं. आणि मी मोजत असतो. एक म्हणतो, दोन म्हणतो. मग वाटतं आता कोणीतरी येणार आपल्याकडे, आणि आपण वाट बघायची. तेवढंच. वाट बघतच झोप लागते, आणि ती संपतच नाही."

लॉजवाल्या बाई म्हणाल्या, "बाराची बाईपण मशीनचं म्हणत होती. मी म्हटलं शेजारी शिंपी असेल."

"शिंपी नसेल," कुलूपवाला म्हणाला. "कारण तो माणूस बोलतो. मशीनवरचा. मी हाक मारतो बहुतेक त्याला, कारण तो उत्तर देतो. म्हणतो, 'एवढी शिवण झाली की बघतो.' तिन्ही वेळेला तेच वाक्य. आणि येत तर नाहीच."

बाई हसल्या. "पुरुषच आहे म्हणजे."

 बाईंनी विचारलं, पाणी देऊ का? मी म्हणालो, नको, खोली दाखवा.

सात नंबरची खोली मागच्या बाजूला होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीला आरसा. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसत होते. चादर बदललेली होती. उशीवर खड्डा होता. आत्ताच कोणी उठलंय असा, उजव्या गालाचा. मी तळहाताने दाबून सारखा केला. तो हळूहळू परत पडला.

अभ्रा काढून मी चारही कोपरे बघितले. मग परत बघितले. पांढरी गाठ कुठेच नव्हती.

मी जिन्यात येऊन मावशींना फोन लावला. "मावशी, लॉजच्या तीस उशा. शेवटची कोणी शिवली?"

त्यांनी कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मी. जेवून आले तर दारात गर्दी, तुम्ही बाईंना घेऊन गेलेले. उशी बाकावर होती, तोंड उघडं. गालाचा खड्डा होता वर. मला वाटलं बाईंनी बघितलीय, गाठ तेवढी राहिली. चारला गाडी यायची होती, मालक. म्हटलं निदान माल तरी वेळेवर जाऊ दे. बाईंना ते आवडलं असतं. चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचं नाही चुकलं."

आता जे लिहितो ते मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. सगळ्यांना मी सांगितलं होतं की ही एका क्षणात गेली. हूं की चूं केलं नाही. लोक म्हणाले, पुण्यवान. मीही मान हलवली.

त्या दुपारी मावशी जेवायला गेल्या होत्या. एकोणतीस उशा झाल्या होत्या आणि तिसावी भरून बाकावर ठेवलेली. मी मशीनवर अभ्रे शिवत होतो, माझी पाठ बाकाकडे. सकाळपासून ही म्हणत होती डोकं जड आहे. मी म्हणालो होतो, एवढी गाडी जाऊ दे, मग दोन दिवस काही करू नकोस. ती बाकावर आडवी झाली. एक, म्हणाली. दोन, म्हणाली. मग म्हणाली, "अहो."

मी मागे बघितलं नाही. म्हणालो, "एवढी शिवण झाली की बघतो."

ती शिवण झाली. मी पुढची घातली. तीही झाली. मधे एकदा मान वळवली तर ही तशीच पडलेली, गाल उशीवर, डोळे मिटलेले. मला वाटलं डोळा लागला. बरंच वाटलं मला. म्हटलं पडू दे जरा, गाडी आली की उठवू. दुसऱ्या कोणाची बायको भर दुपारी कामाच्या बाकावर अशी पडली असती तर तो धावला असता. माझी रोजच पडायची. तिचं कामच ते होतं. वीस मिनिटं मी शिवत बसलो. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून माहीत आहे. मग मला आठवलं की तिने तीन म्हटलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून अशा आहेत?" मी म्हणालो, "आत्ताच." त्यांनी तसं लिहून घेतलं. नंतर बाहेर येऊन म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि सही करायला वळले.

मी जिन्यातून खाली आलो. कुलूपवाला गेला होता. लॉजवाल्या बाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"कळलं का काय वेगळं आहे ते?"

"कळलं."

"मग तशा करता येतील?"

 तशी उशी कशी होते हे जगात मला एकट्याला माहीत होतं. "नाही," मी म्हणालो. "तशी परत होणार नाही. आणि बाई, ती उशी मला परत हवी."

बाई पक्क्या धंदेवाल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे बघा उशीवाले, परत नाही मिळायची. पण तुम्ही एवढं तोंड पाडू नका. मी काय म्हणते, ती एक असू दे सातला. बाकीच्या तुम्ही साध्या द्या. लोकांना मी सांगीन, त्याच कारागिराच्या आहेत. निम्मी झोप तर लोकांना नुसत्या सांगण्याने लागते. ऐंशीच्या ऐंशी घेते. तुम्ही फक्त त्या एकीला हात लावू नका. काय?"

फक्त हात लावायचा नव्हता. एवढं केलं तर दुकान राहत होतं, मावशींची कात्री खणात राहत होती, हिने बाकावर आडवं होऊन उभं केलेलं सगळं राहत होतं. मी काहीच करायचं नव्हतं. आणि ही तिथे सात नंबरच्या खोलीत रोज नव्या माणसाच्या डोक्याखाली दोनवर थांबून राहणार होती.

काही न करणं मला चांगलं जमतं. एकदा करून बघितलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "मला अर्धा तास त्या खोलीत पडू द्याल का? रात्रभर झोप नाही."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? पडा की. पण अर्ध्या तासात उठाल असं नाही हं वाटत मला." त्या हसल्या आणि चावी दिली.

मी दार लावलं, चपला काढल्या, खाटेवर आडवा झालो. उजवा गाल उशीवर ठेवला. हिची बाजू. मी एरवी डाव्या कुशीवर झोपतो.

उशी कोमट होती. कापडाचा वास आला, मशीनच्या तेलाचा आला. तेल तिथे असायचं काही कारण नव्हतं. मग मशीन सुरू झालं. आधी लांब, मग पाठीमागे, चार हातांवर. माझंच मशीन. टाच दाबली की त्यातून एक कर्र असा आवाज यायचा, तो आला.

मला झोप लागत नव्हती आणि हलताही येत नव्हतं. कानाखाली कोणीतरी श्वास घेतला. तो माझा नव्हता, कारण मी माझा रोखून धरला होता.

एक.

श्वास बाहेर गेला. परत आत.

दोन.

मग हाक. तिच्या आवाजात ऐकू आली असं म्हणता येत नाही. माझ्याच तोंडात आली, जिभेवर. अहो. ती हाक घाबरलेली नव्हती. पाणी मागावं इतकी साधी होती.

आणि मग मी मला ऐकलं. "एवढी शिवण झाली की बघतो." तीन महिने मला वाटत होतं की मी खेकसलो असेन. तसं नव्हतं. तो माणूस चिडला नव्हता. तो नुसता कामात होता. मशीन चालू राहिलं. शिवण संपली, धागा तुटल्याचा टक असा आवाज आला, आणि दुसरी शिवण सुरू झाली.

त्यानंतर काहीच नव्हतं. नुसती वाट बघणं. लोकांना झोप म्हणून जे मिळत होतं ते हे होतं. खरं सांगतो, त्यात दुखत काही नव्हतं. उबदार होतं. कोणीतरी येणार आहे एवढं माहीत असलं की माणूस कितीही वेळ पडून राहतो. मलाही राहावंसं वाटलं. हात-पाय जड झाले. खिडकीतले पाइप दिसेनासे झाले.

मी जोर लावून तोंड उघडलं. "आलो," म्हणालो. आवाज फुटला नाही. परत म्हणालो, "आलो गं. हा बघ, उठलो."

मशीन थांबलं.

मी तसाच पडून होतो, तिच्या गालाच्या खड्ड्यात माझा गाल. म्हणालो, "तीन."

कानाखालचा श्वास सुटला. बराच वेळ सुटत राहिला, एवढा श्वास एका माणसात मावत नाही. आणि उशी हळूहळू वर आली. माझा गाल तिने वर ढकलला. चांगल्या पिंजलेल्या कापसाचा खड्डा भरून येतो तशी, काही घाई न करता.

मी उठून बसलो. शर्टाच्या पट्टीला आतून सुई-दोरा टोचून ठेवायची माझी जुनी सवय आहे. दोरा पांढराच होता. कोपऱ्यात गाठ मारली. हिच्यासारखी बारीक नाही जमली. "झाली," म्हणालो.

घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती.

चावी देताना लॉजवाल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, उठलात? माझ्याकडून शाबासकी."

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "काय केलंत तिला?"

"तिचं काम राहिलं होतं. पुरं केलं."

"कालचा माणूस सकाळी सहाला उठून बसला! म्हणतो, डास आहेत. अहो, काय हे? हातची सोन्यासारखी वस्तू घालवलीत तुम्ही. साध्या उशा मला कोपऱ्यावर मिळतात, तुमच्याकडून कशाला घेऊ?"

 संध्याकाळी त्यांचा माणूस ती उशी पिशवीतून आणून दारात ठेवून गेला. ऐंशी उशा गेल्या. मावशींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग मालक, कात्री नेऊ का?"

"महिना संपेपर्यंत राहू दे," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात ते मानेचे मास्तर आले. आता काठी घेऊन. बगलेत त्यांची जुनी उशी, पापडासारखी चपटी झालेली.

"दुसरी करून द्या," म्हणाले. "पण बाईंनी बघितलेली हवी."

"मास्तर, बाई नाहीत आता."

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी जुनी उशी बगलेतून काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मग तुम्ही बघा. पण कोणीतरी डोकं ठेवलेली हवी. नुसती भरलेली मला नको."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगी आली, सामान बांधायला. दोरी, खोकी, सगळं घेऊन आली होती. लॉजवरून परत आलेली उशी शेल्फावर होती, ती तिने हातात घेतली. "ही कोणाची? गाठ किती जाड मारलीये, आईची नाही ही."

मी तिला बसवलं आणि सांगितलं. सगळं. वीस मिनिटं, आत्ताच, सात नंबर. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती, उशी मांडीवर घेऊन. माझं संपलं. मग उठून आत गेली. आतून भांड्यांचे आवाज आले, जरा जास्तच जोरात. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"तीन महिने एकट्याने ठेवलंत हे?"

"हो."

"मला तुमचा खूप राग आलाय, बाबा."

"येऊ दे."

"येऊ दे काय? आलाय." तिने नाक पुसलं. चहा माझ्यासमोर ठेवला. मग बाकाकडे बोट केलं. तिथे एक उशी भरून पडली होती, उघड्या तोंडाची. "आणि ती कोणाची?"

"मास्तरांची. तेवढी एक द्यायची राहिली आहे. कोणी डोकं ठेवलं की शिवणार."

"तुम्ही ठेवायचं ना मग."

"सकाळपासून तीनदा बाकापर्यंत गेलो."

 तिने खोक्यांची दोरी बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि बाकावर आडवी झाली. अगदी आईसारखी, गुडघे जरा पोटाशी घेऊन. "तुम्ही अभ्रा शिवून घ्या तोवर," म्हणाली. "नुसते बघत नका बसू, मला हसू येतं. मोठ्याने मोजायचं ना?"

"मोठ्याने."

मी मशीनवर बसलो. पाठ बाकाकडे. टाच दाबली, कर्र असा आवाज आला, अभ्र्याची लांब शिवण सुरू केली.

"एक," मुलगी म्हणाली.

मशीन चालत होतं.

"दोन."

मी शिवणीच्या मध्यावर होतो. थोडंच राहिलं होतं, वीतभर. मागून काही आवाज येईना.

मी पाय काढला. सुई कापडातच राहिली, अभ्रा हातातून खाली घसरला. खुर्ची पडली असावी. मी बाकाजवळ गुडघ्यावर बसलो होतो आणि तिच्या खांद्याला धरलं होतं.

तिने डोळे उघडले. "काय झालं बाबा? शिंक येत होती, म्हणून थांबले."

मी तिचा खांदा सोडला नाही.

"अहो, किती घाबरलात!" ती उठून बसली, माझ्या केसांवरून हात फिरवला. मग उशीकडे बघितलं. गालाचा खड्डा हळूहळू भरून येत होता. "बघा, झाली की. पण तुम्ही 'तीन' इतकं हळू का म्हणालात? कानात म्हटल्यासारखं."

मी तीन म्हटलं नव्हतं.

"सवय गेली," मी म्हणालो.

ती पांढरा दोरा शोधायला लागली. मी मशीनकडे गेलो. शिवण जिथे सोडली होती तिथे वाकडी झाली होती. ती उसवली आणि परत पहिल्यापासून घातली. मास्तर चारला येणार होते. खोक्यांचं मग बघू म्हटलं.